खालच्या टप्प्यावरचे ताड

नर्गिझा कढई घेऊन आली, तेव्हा टेबलावर बाग पसरलेली होती.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची चार पानं उलटी करून, चिकटपट्टीने जोडून झुझुनाने ती काढली होती. समुद्राची बाजू काकडीच्या बशीखाली दाबली होती आणि घराची बाजू मिठाच्या डबीखाली. मधे हिरव्या पेन्सिलीने काढलेली लहानमोठी वर्तुळं, आणि त्यांच्यातून वळत जाणारी एक वाट.

"कढई कुठे ठेवू?" नर्गिझाने विचारलं. "केळींवर, का ताडांवर?"

"वाटेवर ठेव," झुझुना म्हणाली.

नर्गिझाने वाटेवर कढई ठेवली. लोण्यात वितळलेलं चीज, म्हणजे बोरानो, अजून फसफसत होतं. शेजारी मक्याच्या भाकऱ्या आल्या, त्या बांबूच्या बेटावर बसल्या.

झुझुनाला सिसिलीहून परत येऊन अडीच महिने झाले होते. तिथे सोळा वर्षं तिने सिन्योरा अगातीना नावाच्या एका म्हातारीला उठवलं, बसवलं, भरवलं, चाकाच्या खुर्चीतून फिरवलं, आणि नोव्हेंबरात तिच्या माणसांबरोबर तिला स्मशानात पोहोचवूनही आली. मग ती बातुमीजवळच्या माखिंजाउरी गावी, भाऊ अमिरानी आणि वहिनी नर्गिझाच्या घरी परतली आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपू लागली. घरातली माणसं अजून तिला "चहा घेणार का?" असं विचारत. घरच्या माणसाला कोणी विचारत नाही, नुसता कप पुढे सरकवतात.

घराखालच्या उतारावरचा टप्पा मात्र तिचा होता. वडिलांनी जाण्याआधी वाटणी केली होती: वरचं घर अमिरानीला, खालचा टप्पा झुझुनाला. चाळीस वर्षं तिथे संत्री होती. मग फळांचा रस शोषणारे ते तपकिरी ढेकूण आले, तीन मोसम फळं सुकून गळली, आणि गेल्या शरदात अमिरानीने शेवटचं झाड तोडलं. तेव्हापासून टप्पा मोकळा होता, आणि घरातल्या प्रत्येकाने तो आपापल्या मनात भरून टाकला होता.

अमिरानीने पेला उचलला. पेला हातात असलेल्या माणसाला मधे तोडायचं नाही, हा सगळ्या मुलखाचा नियम. त्यामुळे अमिरानी घरातले वाद पेला हातात धरूनच घालत असे.

"आज आपण माझ्या बहिणीसाठी पिऊ," तो म्हणाला. "सोळा वर्षं हिने परक्यांचं म्हातारपण काढलं. या घराचं छप्पर हिच्या कष्टाचं आहे. आता ती आली आहे, तिने विसावा घ्यावा. विसावा घेणाऱ्या माणसाने खड्डे खणू नयेत. उद्या सकाळी नऊ वाजता काँक्रीटचा ट्रक येतोय, चार लाकडी खोल्यांचा पाया घालायला. उन्हाळ्यात पाहुणे येतील, घर गजबजेल, ही आनंदाची गोष्ट आहे. झुझुनासाठी!"

सगळ्यांनी पेले उचलले. झुझुनानेही घोट घेतला. आपल्या नावाचा पेला नाकारता येत नाही. मग तिने पेला खाली ठेवला.

"कुठे येतोय ट्रक?"

"खाली."

"माझ्या खाली?"

"आपल्या खाली," अमिरानी म्हणाला.

त्यांची आई फादिमे टेबलाच्या टोकाला पाण्याचा पेला घेऊन बसली होती. वय एक्क्याऐंशी. कान सोयीचे. तिने नकाशाचं आपल्या जवळचं टोक उचलून पाहिलं.

"हे काय गं?"

"ताड आहेत आई. केसाळ खोडाचे. बर्फातही टिकतात."

"देतात काय?"

"सावली."

"सावली खोल्याही देतात," अमिरानी म्हणाला. "आणि सावलीसकट भाड्याने जातात."

"हे बघ," झुझुना बोट फिरवू लागली. "उंच झाडं मागे, कडेला, वाऱ्याच्या बाजूला. तीन एकत्र, तिन्ही वेगळ्या उंचीची. रांगेत नाहीत, रांगेत लावली की रेल्वे स्टेशन वाटतं. त्यांच्या पायाशी केळी, मग कर्दळ, मग अळू, सोनटक्का. माती कुठे उघडी ठेवायची नाही. वाट अशी वळवायची की एका नजरेत सगळी बाग दिसता कामा नये. दहा पावलं चाललं की काहीतरी नवीन."

"दहा पावलं चाललं की रस्ता लागतो," अमिरानी म्हणाला. "केवढासा तो टप्पा!"

"म्हणून तर वाट वळवायची."

"आणि फेब्रुवारीत ओला बर्फ पडला की?" हे नर्गिझाने विचारलं. ती अजून उभीच होती, हातात वाढायचा चमचा घेऊन. "पानं मोडतात. वर चढून बांधावी लागतात. कोण बांधणार?"

"मी."

"तू? तू जाशील परत."

"कुठे जाईन?"

"ते मला काय माहीत. जातेस तू, एवढं माहीत आहे." नर्गिझाने चमचा कढईत ठेवला. "मी तुझं मूल वाढवलं, झुझुना. तक्रार नाही, माझीच आहे ती. पण आता तुझी झाडंही मीच वाढवायची असतील तर आधी सांग. माझे गुडघे आता तेव्हाचे राहिलेले नाहीत."

झुझुनाचा नवरा रशियात गेला तो गेलाच, आणि ती स्वतः सिसिलीला निघाली तेव्हा मुलगी तामता नऊ वर्षांची होती. तापात उशाशी बसणारी नर्गिझा, शाळेच्या सभेला जाणारी नर्गिझा. तामता नर्गिझाला आई म्हणे आणि झुझुनाला झुझुना. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, निदान तसं कोणी दाखवत नसे.

"चीज गार होतंय," फादिमे म्हणाली.

मग सगळे जेवले. झुझुनाही जेवली. जेवण झाल्यावर तिने नकाशावरची भाकरीचा चुरा झटकला, घडी घातली आणि ती खाली टप्प्यावर गेली.

अंगणातल्या घेवड्याच्या काठ्यांतून तिने सोळा काठ्या घेतल्या आणि सुतळीचं बंडल. कागदावर बाग कोणालाही काढता येते. जमिनीवर उभी करून पाहिल्याशिवाय कळत नाही, हे तिला सिन्योरा अगातीनाने शिकवलं होतं. सिन्योरा खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि झुझुना कुंड्या इकडून तिकडे नेऊन ठेवायची. कधी एका शेवंतीसाठी सहा फेऱ्या. तेव्हा ती मनातल्या मनात म्हातारीला शिव्या द्यायची. आता तिने स्वतःच तीन जागा बदलून पाहिल्या आणि चौथीत काठी रोवली.

ताडांची उंची कळायला काठ्या पुरेनात. मग तिने अंगणातून लांब दांड्याचा झाडू आणला, फरशी पुसायचा दांडा आणला, आणि संत्री उतरवायची जुनी आकडी. तीनही वेगवेगळ्या उंचीची. मातीत रोवून ती दहा पावलं मागे गेली आणि पाहू लागली.

वर स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"तो झाडू माझा आहे," नर्गिझा म्हणाली.

"माहीत आहे. आत्ता देते."

खिडकी बंद झाली. थोड्या वेळाने पुन्हा उघडली.

"तिथे नको."

"काय?"

"झाडू तिथे नको! मला समुद्र दिसत नाही."

झुझुनाने झाडू उपटला आणि दोन हात डावीकडे नेला. "आता?"

"आणखी. आणखी. थांब." नर्गिझा खिडकीतून नाहीशी झाली आणि हात पुसत खाली आली. तिने स्वतः झाडू उचलला, पार कुंपणाशी नेऊन रोवला, वर खिडकीकडे पाहिलं, मग समुद्राकडे. "इथे. आणि तो ठेंगणा दांडा याच्यापुढे. तेहतीस वर्षं त्या खिडकीत भांडी घासते आहे मी. तेवढाच एक तुकडा दिसतो. बोट गेली तर बोट दिसते."

"बरं."

"बरं काय, लिहून घे."

झुझुनाने नकाशावर लिहून घेतलं. नर्गिझा कमरेवर हात ठेवून सुतळ्यांकडे पाहत उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. तिने वर तोंड करून हाक मारली.

"अमिरानी!"

अमिरानी गॅलरीत आला.

"तुझ्या त्या खोल्या. उंची किती?"

"आढ्यापर्यंत चार मीटर. का?"

"मग माझ्या खिडकीतून काय दिसेल?"

अमिरानीने विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच त्याची अडचण होती. "छप्पर," तो म्हणाला. "पण चांगलं, लाल पत्र्याचं."

"तेहतीस वर्षांनी मी पत्रा बघू?"

"अगं, जेवताना तूच तर हिच्याविरुद्ध..."

"ते जेवताना," नर्गिझा म्हणाली. "आणि ते खरंच होतं. हे वेगळं आहे."

अमिरानी आत गेला आणि आईला घेऊन बाहेर आला. फादिमेला जिना उतरायला पाच मिनिटं लागली. खाली आल्यावर तिने आधी कोणाकडेही न पाहता काठ्या मोजल्या.

"या माझ्या आहेत. घेवड्याच्या."

"हो आई."

"मग घेवडा कशावर चढेल?"

"बघ!" अमिरानी म्हणाला. "लोकांची बाग झाली आणि घरातला घेवडा गेला."

झुझुनाने नकाशा उघडला. वाट जिथे वळत होती तिथे एक ऐसपैस ऊन पडणारी जागा होती. तिथे तिने सोनटक्का लिहिला होता. तिने सोनटक्का खोडला. "इथे तुझा घेवडा लाव. दुपारपर्यंत ऊन, मग सावली. आणि इथे हा निळसर पानांचा ताड आहे ना, याला पिवळी फळं येतात. आंबटगोड. मुरंबा होतो."

"मुरंबा होतो तर मघाशी का नाही बोललीस?" फादिमे म्हणाली. "सावली, सावली करत बसलीस." ती पडक्या बांधावर टेकली आणि जागा ठरलीच असल्यासारखी पावलांनी माती चाचपू लागली.

अमिरानीने आईकडे, मग बायकोकडे, मग झाडूकडे पाहिलं. त्याच्या हातात पेला नव्हता, त्यामुळे त्याला काय बोलावं ते सुचेना. "तामता चारच्या गाडीने येतेय," तो अखेर म्हणाला. "तिला येऊ दे." आणि तो हमरस्त्याकडे चालू लागला.

झुझुनाला वाटलं, आता तो मुलीलाही आपल्या बाजूला वळवणार. तिने आणखी दोन काठ्या जरा जोरात ठोकल्या.

तामता बातुमीच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला होती. ती आली ती कामाच्याच पांढऱ्या सदऱ्यात. मामा चार पावलं मागे. टप्प्याच्या वर थांबून तिने सगळं पाहिलं: सुतळ्या, काठ्या, झाडू, बांधावर बसलेली आजी.

"मामाने सांगितलं," ती म्हणाली. "ठीक आहे. तुझी जमीन आहे, झुझुना."

"तू असं म्हणायचं ठरलं नव्हतं," अमिरानी म्हणाला.

"मामा, राहू दे."

"राहू दे काय? मी गेले चार महिने गप्प आहे. तू सांगायचं नाही म्हणालीस म्हणून मी सगळ्यांच्या नजरेत वाईट झालो." तो झुझुनाकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "त्या खोल्या मला कशाला हव्यात? मी मिनीबस चालवतो, मला त्यातच बरं वाटतं. हिच्यासाठी होत्या. तिथे हॉटेलात परक्यांच्या किल्ल्या सांभाळते, त्यांची बोलणी खाते. म्हटलं, इथे स्वतःचं काहीतरी चालवेल."

झुझुनाच्या हातात सुतळीचं बंडल होतं. ते तिने दुसऱ्या हातात घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने तामताला विचारलं.

"मागितलं असतं तर तू दिलंच असतंस," तामता म्हणाली. "तू नेहमी देतेस. बूट म्हटलं की बूट यायचे. दोन-दोन जोड. मग मी मागणंच सोडून दिलं."

झुझुना खाली वाकली आणि पहिली काठी उपटू लागली. काठी खोल गेली होती, निघेना. तिने दोन्ही हातांनी हलवून ती काढली, बाजूला ठेवली आणि दुसरीकडे वळली.

"अगं, काय करतेस?" नर्गिझा म्हणाली. "आत्ताच तर नीट लागल्या होत्या."

"खोल्या होऊ देत."

"आणि माझा समुद्र?"

"माझा घेवडा?" फादिमे म्हणाली.

झुझुनाने दुसरी काठी काढली. तामता तोवर खाली आली होती. बांधावर उघडा पडलेला नकाशा तिने उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ही सगळी झाडं तिथली आहेत?"

"बरीचशी. तिथे याहून मोठी बाग होती. रोज अकराला मी सिन्योराला बागेत न्यायचे. ती ताडाखाली डुलक्या घ्यायची, आणि तेव्हा इथे दुपार झालेली असायची, तू शाळेतून घरी पोहोचायचीस. मग मी फोन लावायचे."

तामताने नकाशावरून नजर उचलली. "तिथून बोलायचीस?"

"हो. घरात बोललेलं तिच्या माणसांना चालत नसे."

"मागे सतत आवाज यायचा," तामता म्हणाली. "सर्रसर्र. मला वाटायचं पाऊस पडतोय."

"वाळलेली पानं. वारा आला की खोडावर घासतात."

"मी सगळ्यांना सांगायचे, झुझुना राहते तिथे रोज पाऊस पडतो. शाळेत भूगोलाच्या तासाला सांगितलं, तर बाई म्हणाल्या, चूक. सिसिली कोरडी आहे. मी भांडले त्यांच्याशी."

"मला बोलावलं होतं त्या बाईंनी," नर्गिझा म्हणाली. "सुलाखिद्झे बाई. मीही भांडले. म्हटलं, तिची आई राहते तिथे, तुम्हाला जास्त कळतं का?"

झुझुनाला हे ठाऊक नव्हतं. ती काठी हातात धरून उभी राहिली. तिला वाटलं, आपण आता रडू, पण रडू आलं नाही. नाक तेवढं गळायला लागलं, ते तिने बाहीला पुसलं.

तामता नकाशा गुडघ्यावर घेऊन बांधावर बसली. हॉटेलात खोल्यांचं वाटप करत असावी तशी ती कागदावर बोट फिरवत होती. बोट कुंपणापासून घरापर्यंत आलं, परत गेलं आणि थांबलं.

"यात तू कुठे राहतेस?"

"म्हणजे?"

"हे घेवड्याचं आहे, हे नवीनच लिहिलेलं दिसतंय. हे ताड, ही केळी, हा बाक. तुझी खोली कुठे आहे?"

झुझुनाने कागदात पाहिलं. महिनाभर ती यावर काम करत होती. पाणी कुठून वाहून जाईल ते तिने काढलं होतं. शेजाऱ्याची मांजर कुठून येते तेही काढलं होतं. स्वतःसाठी बाक होता. सोळा वर्षं ती दुसऱ्याच्या बागेत कडेला बसली होती, आणि आपली बाग काढतानाही ती तिथेच बसली होती.

"सोफा आहे ना वर," ती म्हणाली.

"सोफ्यावर मी अडखळते," फादिमे म्हणाली. "रोज पहाटे. पाय बाहेर काढून झोपतेस तू."

तामताने पेन्सिल मागून घेतली. "चार नाही, तीन खोल्या," ती म्हणाली. "दोन इथे वर, बांधाला चिकटून, पाहुण्यांच्या. मामा, छप्पर सपाट. आईचा समुद्र जाता कामा नये. तिसरी इथे खाली, या तीन ताडांच्या मागे. ती हिची. वाट तिन्ही खोल्यांवरून जाईल. पाहुण्यांना असंच काहीतरी हवं असतं, आमच्या हॉटेलात कुंडीतल्या एका ताडासमोर फोटो काढायला रांगा लावतात." तिने मान वर केली नाही. "आणि न्याहारी झुझुना करेल. फुकट राहायचं नाही."

"बोरानो येतो का तिला अजून?" नर्गिझा म्हणाली. "तिकडे नुसत्या शेवया खाल्ल्यात."

"येतो," झुझुना म्हणाली.

"बघू."

अमिरानीने झाडू उपटला आणि बायकोला दिला. "सपाट छपरावर बर्फ साचतो," तो म्हणाला. "उतार द्यावा लागेल. थोडासा. मागच्या बाजूला." तो पावलं टाकून अंतर मोजू लागला होता, म्हणजे त्याला पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी नऊला काँक्रीटचा ट्रक आला, आणि त्याच अरुंद रस्त्यावर समोरून चाक्वीच्या रोपवाटिकेतल्या जेमालीची गाडी आली. तीन ताड तिच्यात आडवे पडले होते, मुळांना गोणपाट आणि पानं सुतळीने बांधलेली. झुझुनाने ते दोन आठवड्यांपूर्वीच ठरवून ठेवले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. ट्रकवाला म्हणाला, मी मागे घेणार नाही. जेमाली म्हणाला, माझ्या गाडीत जिवंत माल आहे, तुझ्यात चिखल. अमिरानीने खिडकीतून पाहिलं, टोपी घातली आणि दोघांना एकेक पेला पाजून प्रश्न सोडवला. पाया कुठे घालायचा ते त्याने ट्रकवाल्याला तामताने पेन्सिलीने केलेल्या खुणांवरून दाखवलं. जेमालीने मागे घेतली ती थेट शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.

तामता रात्री परत गेली नव्हती. तिने हॉटेलात फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. शेवटचा ताड, ठेंगणा, तिने आणि झुझुनाने खड्ड्यात उतरवला. बाकीचे वर उभे राहून सल्ले देत होते.

"डावीकडे झुकलाय," नर्गिझा म्हणाली.

"उजवीकडे," अमिरानी म्हणाला.

"सरळ आहे. तुम्ही वाकडे उभे आहात," फादिमे म्हणाली. घेवड्याच्या जागेतले दगड वेचायला ती पहाटेच खाली आली होती, सोफ्याला न अडखळता, कारण झुझुना तिच्याआधीच उठली होती.

"दोन्ही हातांनी धर," झुझुना तामताला म्हणाली. "घट्ट. माती बसेपर्यंत हलू द्यायचं नाही."

तामताने खोडाला मिठी मारली. केसाळ तंतू तिच्या पांढऱ्या सदऱ्याला चिकटले. झुझुनाने फावड्याने माती ओढली, पाणी घातलं, पुन्हा माती ओढली, आणि मग ती बुंध्याभोवती गोल गोल फिरत पायांनी माती दाबू लागली. प्रत्येक फेरीला तिचा खांदा तामताच्या पाठीला घासत होता.

"सोडू?" तामताने विचारलं.

"नको अजून."

आणखी दोन फेऱ्या झाल्या. वरची माणसं कंटाळून चहाला गेली.

"आता?"

"जरा थांब."

तामताने गाल खोडाला टेकवला आणि डोळे मिटले. ताडाला हवी होती त्याहून जास्त घट्ट माती केव्हाच झाली होती. झुझुना तुडवत राहिली.